कामगंध

पालिकेत त्याचं पद 'वृक्ष-कीटक निरीक्षक' असं होतं, गल्लीत मात्र त्याला सगळे किडेमास्तर म्हणत. काम साधं. परदेशातून येणारा एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा शहरात शिरलाय का, ते बघायचं. हा झाड आतून पोखरतो. बाहेरून झाड ठणठणीत, आत नुसता भुगा. म्हणून किडेमास्तर वेशीवरच्या झाडांना कामगंध सापळे टांगायचा आणि रोज उघडून बघायचा. सापळ्यात मादीच्या वासाची वडी असते. नर वासाने वेडा होऊन येतो आणि आत पडतो. पुरुषजातीचा एकूण इतिहासच तो.

वड्यांचा वास त्याच्या कामाच्या कोटाला लागायचा. पहिल्याच आठवड्यात आत्याने नाक मुरडलं, "हा कसला रे दर्प?"

आत्याने त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिच्यासमोर 'काम' या शब्दाचा दुसरा अर्थ उलगडण्यापेक्षा त्याने सापळ्यात उडी मारली असती. "कामगंध," तो पुटपुटला.

"कामाचा गंध!" आत्याचा ऊर भरून आला. "आपल्या घराण्यात पहिल्यांदाच!"

तेव्हापासून ती कोट दारातल्या झाडावर टांगू लागली, वाऱ्याला. खरं तर कोट ऑफिसातच कपाटात बंद ठेवायचा नियम होता. पण सापळ्यांत कधी एकही भुंगेरा सापडत नव्हता. येतोय कोण, म्हणून त्याने सोडून दिलं. अशी दोन वर्षं गेली.

मग एका संध्याकाळी कोट काढायला गेला, तर कॉलरवर तीन भुंगेरे. तिघेही नर, तिघेही कोटावर लट्टू. त्याच्यावर नाही तरी त्याच्या कोटावर कुणाचा तरी जीव जडला होता. नर काही अंडी घालत नाहीत, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि नजर खोडाकडे गेली. बुंध्याशी ताजा भुगा. सालीत पेन्सिल जाईल एवढं भोक.

म्हणजे माद्याही येऊन गेल्या होत्या. आत्याच्या दारात त्याने वधूवर सूचक मंडळ चालवलं होतं, तेही फुकट.

नियम असा, भोक दिसलं की झाड तोडायचं, आणि त्या रस्त्यावरची त्या जातीची सगळी. या रस्त्यावर दुसरी जातच नव्हती.

"चिरड की मेल्यांना," आत्या म्हणाली.

"आतले कसे चिरडू?"

"मग बघितलंच नाहीस असं समज. तुझ्या आतोबांनी जन्मभर तेच केलं, काही बिघडलं नाही."

"बघायचाच पगार आहे माझा, आत्या."

त्याने ऑफिसला फोन लावला.

सकाळी करवतवाले आले तेव्हा ती बुंध्याला पाठ टेकून खुर्चीत बसलेली.

"मास्तर, या बाई कोण?" मुकादमाने विचारलं.

"माझी आत्या."

"मग तुम्हीच उठवा. आमचा विमा करवतीपुरता आहे."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आत्या, किडा मी आणला." आणि त्याने सगळं सांगितलं. कोट, वडी, 'काम' म्हणजे कुठलं काम. करवतवाले तोंड फिरवून ढगांकडे बघत राहिले.

"म्हणजे मी दोन वर्षं गल्लीभर सांगत फिरले, आमच्या पोराच्या अंगाला कामगंध येतो म्हणून?"

"हो."

"आणि तू सांगू दिलंस."

"लाज वाटली."

आत्याने रस्त्यावर शेवटपर्यंत नजर टाकली. प्रत्येक दारात एक झाड. कुठे झोपाळा, कुठे सायकल टेकवलेली. सालीवरून एकदा हात फिरवला आणि तोच हात त्याच्यापुढे धरला. "उठव."

मागे करवत सुरू झाली. तिने वळून बघितलं नाही.

"चल, घरोघर सांगून येऊ. एकटा गेलास तर मार खाशील."

पहिल्या दाराची बेल तिने दाबली आणि एक पाऊल मागे सरली.

"आता नीट सांग," ती म्हणाली. "त्या शब्दासकट."