निवडक सोळा

निळा आणि पांढरा लगदा तिनं तळहातावर घेतला आणि दोन्ही रंग एक होईपर्यंत भराभर मळला. अर्ध्या मिनिटाचं काम. उशीर झाला तर लगदा हातातच घट्ट होतो आणि दातांचं माप काही येत नाही. खुर्चीत बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका तिच्या हातांकडे डोळे मोठे करून बघत होत्या. याआधी दोनदा त्यांचं माप फसलं होतं, कारण तोंडात ट्रे गेला की त्यांना उमासे येत. ज्यांच्या नुसत्या नजरेनं चाळीस वर्षं वर्गच्या वर्ग गार पडले, त्या बाई एवढ्याशा ट्रेपुढे लेकरू झाल्या होत्या.

“आज तुमच्यासाठी औषध आणलंय,” डॉक्टर म्हणाले आणि कपाटावरच्या प्लेअरमध्ये त्यांनी नवी सीडी सरकवली. “आपल्या नेहमीच्या गायकाची निवडक सोळा गाणी. परवाच निघालीय. जॅझ आहे, पण मऊ. ताठलेला जबडासुद्धा सैल पडतो.”

दंतवैद्याला गाण्याची थोरवी सांगायला दुसरं काय सुचणार! पण ते खोटं नव्हतं. गेली सहा वर्षं या दवाखान्यात याच गायकाची एक जुनी सीडी वाजत होती. सॅक्सोफोन, मागे अगदी हलकेच चाललेला ड्रम, आणि कानाशी बसून बोलावं तसा त्याचा आवाज. लोक दुखणं घेऊन येत, दहा मिनिटांत खुर्चीचे हात आवळून धरलेली बोटं आपोआप सुटत. कुणी विचारलं, गाणं कशाबद्दल होतं, तर एकालाही सांगता आलं नसतं.

तिला आलं असतं. ती त्याची बायको होती. एकोणीस वर्षांपूर्वी वेगळी झालेली. इथे हे कुणाला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांपूर्वी तो गेल्याची बातमी पेपरात आली तेव्हा डॉक्टरांनी हळहळून अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवला होता. त्या अर्ध्या दिवसात तिनं आतली सगळी कपाटं पुसून काढली होती.

जुन्या सीडीवर तिला नको असलेलं गाणं सातवं होतं. सहावं संपत आलं की ती अवजारं उकळायच्या निमित्तानं मागच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. ताई स्वच्छतेला भारी पक्क्या, असं डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. ती ऐकून घ्यायची.

लगदा भरलेला ट्रे डॉक्टरांनी बाईंच्या वरच्या दातांवर दाबून बसवला.

“धरा, ताई. चार मिनिटं. जरासुद्धा हलवू नका. हेही फसलं तर बाई परत यायच्या नाहीत.”

तिनं दोन बोटांनी ट्रे खालून तोलून धरला. डॉक्टरांनी जाता जाता प्लेअरचं बटण दाबलं आणि फोन घ्यायला ते शेजारच्या खोलीत गेले.

नव्या सीडीवर गाणी लोकप्रियतेच्या क्रमानं लावली होती. सॅक्सोफोनचा पहिलाच सूर निघाला आणि तिनं तो ओळखला. सातवं गाणं आता पहिलं झालं होतं.

‘सकाळ होती साधीसुधी, ऊन फरशीवर,
तू हसलीस, आणि मी निघालो.’

इथवर तिला पाठ होतं. दुकानात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत या दोन ओळींनी तिला गाठलं होतं आणि दर वेळी ती हातातलं काम टाकून बाहेर पडली होती. सगळ्यांना हे प्रेमाचं गाणं वाटे. लग्नातसुद्धा वाजवत. ज्यानं त्यानं त्यात आपापली सोडून गेलेली माणसं बसवली होती. पण हसली होती ती टिंबू, त्यांची लेक, साडेतीन वर्षांची. त्याच सकाळी पावणेनऊला ती उघड्या फाटकातून रस्त्यावर गेली आणि सामानाच्या गाडीखाली आली.

फाटक उघडं कसं राहिलं, हे तिला माहीत होतं. तो आठ वाजता स्टुडिओत गेला. साडेआठला ती कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून आली, आणि परत येताना कडी लावायची राहिली. चौकशीला आलेल्या माणसानं दोघांना समोर बसवून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “मी आठला निघालो.” मग त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“मी आतच होते,” ती म्हणाली.

त्यानंतर वर्षभर दोघं त्या घरात नुसती वावरली. तो तिच्या नजरेला नजर देत नसे. तिला कळून चुकलं की त्याला सगळं समजलंय आणि तोंडावर बोलायचं तेवढं त्यानं टाळलंय. चोराच्या मनात चांदणं. ती वेगळी झाली आणि पुढच्याच वर्षी हे गाणं निघालं. जे तोंडावर बोलला नाही ते त्यानं गाण्यात घातलं असणार, तिचा गुन्हा चालीत बसवून गावभर केला असणार, याबद्दल तिला कधी शंका वाटली नाही. ते ऐकायचं धैर्य मात्र तिला अठरा वर्षांत झालं नव्हतं.

बाईंच्या घशातून एक उमासा वर आला. खांदे उचलले गेले.

“नाकानं श्वास घ्या,” ती म्हणाली. “हळू. गाण्याकडे लक्ष द्या.”

स्वतःच्याच तोंडून निघालेले शब्द तिनं ऐकले. आता सोडावं आणि निघून जावं, असं वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण बाईंनी डोळे मिटून तिचं मनगट पकडलं होतं. बाई नाकानं श्वास घेत गाणं ऐकू लागल्या, आणि तीही ऐकू लागली. दुसरं कडवं घराचं होतं, गार झालेल्या चहाचं. त्यात तिचं काही नव्हतं. सॅक्सोफोन थोडा वेळ एकटाच फिरून आला. मग तिसरं कडवं आलं.

‘हातात गिटार होती, खांद्यानं लोटलं फाटक,
वळून काही पाहिलं नाही, कडी माझीच राहिली.
सांगू कसं तिला, जी आतच होती,
कडी माझीच राहिली.’

आवाज कुठेही चिरला नाही. तितकाच मऊ, तितकाच कानाशी. शेवटची ओळ त्यानं चार वेळा म्हटली आणि दर वेळी आधीपेक्षा हळू म्हटली.

तिची बोटं जागच्या जागी होती. बाकी कशाचाच तिला भरवसा वाटेना. तो नजर चुकवत होता ती लाजेनं. तिचं बोलणं त्यानं खरं मानलं होतं, आणि हिशेब सोपा होता: बायको आत होती, म्हणजे फाटक आपणच उघडं टाकलं. एका वाक्यात तिला त्याला सोडवता आलं असतं. एकोणीस वर्षांत कधीही, कुठूनही, एका फोनवर. पोर अपघातानं गेली. त्याला मात्र तिनं जन्मभर जाळलं होतं, आणि वर तोच आपल्याला जाळतोय म्हणून रडत बसली होती. आता सांगायचं तरी कुणाला?

बाईंचे खांदे खाली आले. मनगटावरची पकड सुटली आणि हात मांडीवर सैल पडला. चार मिनिटांत एकदाही पुन्हा उमासा आला नाही.

डॉक्टर परत आले. त्यांनी ट्रे हलकेच सोडवून दिव्याखाली धरला.

“वा! एक फुगा नाही, एक सुरकुती नाही. बघा, सांगत नव्हतो? या माणसाच्या गाण्यात जादूच आहे.”

ट्रे घेऊन ते मागे गेले. दुसरं गाणं सुरू झालं होतं, जरा ठेक्यातलं. तिनं बाईंच्या हातात पाण्याचा पेला दिला. बाईंनी चूळ भरली, ओठाला चिकटलेला निळा कण पुसला आणि मोकळा श्वास सोडला.

“काय गोड गातो गं! मला तर वाटलं, झोप लागतेय. पण शेवटी काय ते कडी-बिडी म्हणत होता? भांडून घर सोडलं असेल.”

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“पण मनाला लावून घेतलं बिचाऱ्यानं. त्या बाईनं तरी समजवायचं ना, की बाबा, तुझी चूक नव्हती.”

ती बाईंच्या गळ्यातला कागदी रुमाल सोडत होती. गाठ नव्हती, नुसता चिमटा होता, पण तो तिला उघडेना.

“त्याची चूक नव्हतीच,” ती म्हणाली. “त्याच्यानंतर मी गेले होते बाहेर.”

“कुठे?”

“कचऱ्याचा डबा ठेवायला. मी आत नव्हते.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या मुलीनं भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं तर बघावं तसं, न रागावता.

“असू दे हं,” बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातातून चिमटा घेऊन स्वतःच उघडला, आणि उठून चपला शोधू लागल्या. “दात कधी बसवणार मग? मंगळवारी मला जमणार नाही.”

तिनं टेबलावरची वही ओढली आणि पानं उलटली.

“बुधवार?” तिनं विचारलं.