पडेगावला गेलेलं भाड्याचं सिंहासन

मी एक सिंहासन बोलतोय. शहागंजात, कडुबा मंडपवाल्याच्या दुकानात, पातेल्यांच्या उतरंडीमागं माझा मुक्काम. शपथ घेऊन सांगतो, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझा जन्म निजामाच्या दरबारातला, आणि माझ्यावर मोठमोठे सरदार बसून गेलेत.

बरं, दरबार राहू द्या. चितेगावच्या एका सुतारानं मला प्लायवूड न् खिळ्यांतून उभं केलं. वर लाल मखमल, हातांवर सोनेरी सिंह. त्यातला डावा मांजरासारखा दिसतो. मखमल मधोमध विरत चाललीय, म्हणजे माणसांच्या हिशोबानं माझं मधलं वय. सरदार मात्र खरंच बसले. सगळे शाळकरी.

लेकरू मोठं झालं, की लोक मला नेतात. व्यंकटरावांच्या घरी नातवाची, हिमांशूची मुंज होती. चकोट केलेलं डोकं, हातात पळसाचा दंड; त्याच दंडानं त्यानं माझ्या सिंहाचं नाक खाजवलं. "आता मोठा झालास हं, रोज संध्या करायची," व्यंकटरावांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी पोरगं चकोटावर टोपी घालून क्रिकेटला. पलीकडच्या मोहल्ल्यात पहिल्या रोज्याची दावत झाली. हारांत बुडालेला मुलगा खजुराकडं असा बघत होता, की भूक मलाच लागली. तोही दुसऱ्या दिवशी गच्चीवर पतंग उडवत होता. मोठं होणं म्हणजे हार, जेवण आणि उद्या पुन्हा मोकळं, अशी माझी समजूत.

मग पडेगावचं बोलावणं आलं.

फकिरराव न् आशाबाईंची लेक अपेक्षा. आठवीत शिकणारी, शाळेच्या खो-खो संघातली. तिला न्हाण आलं म्हणून मखर मांडला होता. दोन बाजूंना केळीचे खांब, मध्ये मी, आणि चौकात तिच्या फोटोचा बॅनर.

"आई, ते बॅनर तरी काढा की. पोरं हसायलेत."

"हसू दे. मला बी बसविलं व्हतं. मला कुणी इचारलं व्हतं का?"

"सोमवारी जिल्ह्याची निवड हाय. जाऊ देशील ना?"

आशाबाईंनी तिच्या मनगटावर आणखी एक हिरवी बांगडी चढवली.

मामाची साडी नेसल्याशिवाय ओटी भरायची नाही, अशी त्यांची रीत. विश्वजीतमामा साडी घेऊन आला आणि सोबत तात्यासाहेबांना घेऊन आला. तात्यासाहेबांचा मळा मोठा, मुलगा शिवम लग्नाचा.

"सहज आलेत, ताई," मामा म्हणाला. "जेवून जातेल."

सोयरीक काढायला आलेला माणूस मी लांबून ओळखतो. तो आधी आमटीचं कौतुक करतो.

"आमटी झकास झालीय," तात्यासाहेब म्हणाले. "पोरगी लई पळते म्हणं?"

"पळायची," मामा हसला. "आता कुठं पळतीय."

अपेक्षा माझ्यावर बसलेली, म्हणून मला कळलं. साडीच्या घोळात तिचा एक पाय हळूच मागं सरकला. चवडा जमिनीला, टाच वर. खो-खोत चौकोनात बसलेली पोरगी अशीच बसते. मागून खो आला, की सुटायचं. ती आईकडं बघत होती. आशाबाई ओटीत गहू न् नारळ घालत होत्या; नजर नारळावर.

मग मीच खो दिला. माझा मागचा पाय कधीचा सैल आहे, कडुबानं तो सुतळीनं आवळलाय. मी जोर लावला न् सुतळी तोडली. कडाड्कन आवाज झाला. मी कलंडलो, नारळ घरंगळत तात्यासाहेबांच्या ताटात गेला, आणि अपेक्षा उठली ती उंबरा, चौक, बॅनर मागं टाकत थेट दौलताबादच्या रस्त्याला लागली. बाया म्हणाल्या, अपशकुन झाला. तात्यासाहेब हात न धुता उठले. सोमवारी ती निवडीला गेली.

आता कबूल करतो. दरबार खोटा होता, ते तुम्हाला आधीच कळलंय. दुसरं खोटं म्हणजे ही सुतळी. ती तुटली नाही. कडुबा गाठ पक्की मारतो. नारळ ओटीतच राहिला, तात्यासाहेबांनी दोनदा भात घेतला, आणि सोमवारी मैदानावर तिच्या जागी दुसरी कुणी बसली असेल. अपेक्षा मात्र त्या दिवशी बराच वेळ तशीच होती, टाच वर. शेवटी पायाला मुंग्या आल्या असतील. तिनं टाच टेकवली.

तुळशीच्या लग्नानंतर मला पुन्हा नेलं, तात्यासाहेबांच्या मळ्यात. या खेपेला शेजारी आणखी एक सिंहासन होतं, शिवमसाठी. बॅनर नव्हता, वाजंत्री नव्हती, भटजीसुद्धा हळू आवाजात मंत्र म्हणत होते. अपेक्षा येऊन बसली. मी वाट बघत राहिलो. तिचे दोन्ही पाय सपाट होते.

आता मी पातेल्यांमागं आहे. लग्नसराई लागली, की कुणीतरी मला न्यायला येईलच. तुम्ही आलात तर एवढं करा. पोरीला बसवलं, की क्षणभर तिच्या मागं जाऊन उभे राहा न् तिच्या टाचेकडं बघा. मला तोंड नाही, हे सगळं बोलणंही तसं खोटंच. तुम्हाला आहे. आणि खो म्हणायला एकच अक्षर लागतं.