सगुणाबाईची इर्जिक

निजामाच्या अमलात कचेरीबाहेर बसून मी उर्दूत अर्ज लिहायचो. माझ्यासारखा अर्ज अख्ख्या जालन्यात कुणाला जमत नाही, असा माझा ठाम समज होता. लोकही "जगन्नाथराव, तुमीच लिवा" म्हणत, त्यामुळे तो समज चांगला पोसला गेला होता.

कापसाच्या जिनिंग कारखान्यात राबणाऱ्या बावीस कुटुंबांच्या झोपड्या महिन्याभरात हटवायचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांच्यातली सगुणाबाई माझ्याकडे आली. मागणं एवढंच, की नाल्यापलीकडची पडीक सरकारी जागा नाममात्र भाड्यानं द्या, घरं आम्ही बांधतो. मी त्याची तीन पानं फर्मास उर्दू केली. अंमलदारसाहेबांनी पहिलं पानही पुरतं वाचलं नाही.

"जगह दी तो टाट-बोरे डालके बैठेंगे," ते म्हणाले. "मजदूर लोग घर कहाँ से बनाएँगे?"

मी मान खाली घातली. सगुणाबाईनं घातली नाही. "एक बांधून दावते, साहेब. आठ दिसांनी जुम्मेरात हाय, सांजच्याला या."

साहेब हसले. एका घरापुरती परवानगी मी तिथल्या तिथं लिहून घेतली आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो, बाईचं डोकं फिरलंय.

तिनं इर्जिक घातली. आमच्याकडे नांगरटीला इर्जिक घालतात. हाळी द्यायची, गाव बैल घेऊन येतं, मजुरी कुणी मागत नाही, बोलावणाऱ्यानं जेवू घालायचं. आज तुझं, उद्या माझं. पण घरासाठी इर्जिक मी जन्मात ऐकली नव्हती.

त्या गुरुवारी, जुम्मेरातीला, सकाळीच नाल्यापलीकडे गेलो आणि तोंडात बोट घातलं. तिचा भाऊ पुंजाराम तीर्थपुरीहून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, गाड्या घेऊन आला होता. आसपासच्या खेड्यांतली शंभरेक माणसं जमली होती. पुरुष भिंतींसाठी पऱ्हाट्यांचे कूड विणत होते, बायका त्यांवर शेणमाती लिंपत होत्या. छपरासाठी बाभळीच्या लाकडाच्या सऱ्या चढल्या, त्यांवर तुराट्या, वर पांढरी माती. ऊन उतरायच्या आत घर उभं होतं!

साहेब आले. भिंतीला काठी टोचून पाहिली, वाकून आत गेले, बराच वेळ आतच राहिले.

"शाबास," बाहेर येऊन ते म्हणाले. "ये घर तुम्हारा. बाकी लोग झोपड़ी उठा लें."

"माजं न्हाई, साहेब," सगुणाबाई म्हणाली. "आमच्यातल्या सोनूबाईचं हाय. तिचे दिस भरत आले. उद्या पलीकडच्या झोपडीतल्या कारभारीचं."

"और तुम्हारा?"

"बाविसावं. हाळी देनारीचंच आधी झालं, तर मंग बाकीच्यांसाठी कोन येईल?"

"हुक्म एक का है."

"बराबर हाय. पर इर्जिक मधीच मोडत न्हाई. ही समदी उद्या यायचीत. नका येऊ म्हनायचं, तर तुमीच म्हना."

साहेब वळले. चिखलानं माखलेली ती माणसं भाकरी हातावर घेऊन पंगतीला बसली होती. एवढा मोठा अंमलदार, पण त्या पंगतीला 'उद्या येऊ नका' म्हणणं त्याच्यानं होईना.

"लिखो," ते मला म्हणाले. "बाईस."

मी लिहून कागद पुढं केला. सगुणाबाईनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पंगतीत भाकरी वाढत कारभारीपाशी पोचली होती आणि विचारत होती, "तुजं दार कोनीकडं काढायचं रं?"