वारा थांबवा!

मित्रांनो, मी एक जुना वारा आहे. हसू नका, लाकडाचाही वारा असतो! इटलीत पो नदीकाठच्या एका लहानशा गावात ऑपेराचं थिएटर आहे. त्याच्या तळघरात सध्या मी पडून आहे. पडून राहणं माझ्या स्वभावात नाही हो. कुठे दार वाजलं, कुठे पाऊल वाजलं, की वाटतं, आलं कुणीतरी हँडल फिरवायला! येत कुणी नाही.

चीज ठेवायच्या फळ्या करणाऱ्या एका सुताराने मला घडवलं. पिंपाएवढं गोल चाक, त्यावर लाकडी पट्ट्या, वरून ताणलेलं जाड कापड आणि बाजूला हँडल. हँडल फिरलं की पट्ट्या कापडाला घासतात. सावकाश फिरवलं तर झुळूक, जोरात फिरवलं तर वादळ. मी आलो तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे होते, पुढे विजेचे आले. राजे बुडाले, नायिका विष प्यायल्या, जहाजं फुटली, आणि प्रत्येक वेळी विंगेत मी घोंघावत होतो. काय दिवस होते ते!

आमच्या गावाचं ऑपेराचं वेड काय सांगू! खाटीक डुकराचं मांस तोडताना सेनापतीचं गाणं म्हणायचा आणि नेमक्या तालावर सुरा हाणायचा. मुलींची नावं नायिकांवरून ठेवायचे. एका तेनोरच्या, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या, आवाजावरून सासरा-जावयाचं बोलणं बंद पडलं होतं. सगळ्यात वरच्या स्वस्त बाकांना आम्ही कबुतरखाना म्हणतो. खालचे मखमली खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवायच्या आधी हळूच वर बघायचे, कबुतरखान्याला आवडलं का म्हणून. वरून शीळ आली की संपलं. आमच्याकडे गायकाला शीळ म्हणजे शिवी. गाव लहान असलं तरी इथली शीळ पार बोलोन्या शहरापर्यंत ऐकू जाते.

माझं हँडल तेव्हा अर्तेमियोच्या हातात होतं. दिवसा तो बेकरीत पाव भाजायचा, संध्याकाळी मला फिरवायचा. त्याची मुलगी एर्सिलिया बोलोन्यात गाणं शिकून आली आणि आमच्याच थिएटरात तिला पहिली मोठी भूमिका मिळाली. तिसऱ्या अंकात भर वादळात नायिकेचं गाणं होतं, आणि गाण्याच्या शेवटी एक उंच, लांब सूर. तालमीत त्या सुरावर तिचा आवाज चिरकला. एकदा नाही, दोनदा. प्रयोगातही तो चिरकला आणि वरून शीळ आली, तर कुठलंही थिएटर तिला पुन्हा उभं करणार नव्हतं.

तालीम संपल्यावर अर्तेमियो माझ्याशेजारी उभा राहून तिला म्हणाला, "पोरी, काळजी सोड. त्या सुराला मी वारा वाढवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बाबा, असलं काही करायचं नाही हं!"

"तू तुझ्या गाण्याकडे बघ. वाऱ्याचं मला कळतं."

प्रयोगाच्या संध्याकाळी पहिले दोन अंक कबुतरखाना गप्प होता. त्या शांततेचीच मला भीती वाटत होती. तिसरा अंक आला. मी घोंघावू लागलो. एर्सिलियाचा आवाज पायरी पायरी वर चढला, तो सूर जवळ आला, आणि अर्तेमियोने दोन्ही हातांनी मला गरागरा फिरवलं. खरं सांगतो, मला आनंद झाला. इतका जोरात मी कधी सुटलो नव्हतो! पोरीचा आवाज पार बुडाला.

वरून शीळ आली, मग दुसरी. सालामी विकणारी देल्फिना कठड्यावरून वाकून ओरडली, "अहो, वारा थांबवा! वारा ऐकायला आलोय का आम्ही? तो घरी फुकट मिळतो!"

"अर्तेमियो, पोरगी गातेय रे! कपडे वाळत घातलेले नाहीत!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळं थिएटर हसलं.

वादकांच्या पुढे उभ्या असलेल्या माएस्त्रोने छडी खाली केली. वाद्यं थांबली. अर्तेमियोचे हात हँडलवरच राहिले. मुलीला वाचवायला गेला आणि त्यानेच तिला बुडवलं, हे त्याला कळलं होतं. तेवढ्यात एर्सिलिया सगळ्यांसमोर चालत विंगेत आली.

"बाबा, हात काढा."

"पोरी, सूर फाटला तर?"

"फाटू दे. पण माझा मला फाटू दे."

अर्तेमियोने हात काढले. ती परत जागेवर गेली, माएस्त्रोला मान हलवून खूण केली, आणि वादळ पुन्हा सुरू झालं, माझ्याशिवाय. मित्रांनो, माझ्या पट्ट्या नुसत्या शिवशिवत होत्या! भर वादळात मी कधी गप्प उभा राहिलो नव्हतो. सूर आला. खणखणीत लागला असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला तो थरथरला, कडेला थोडा खरखरला. अर्तेमियोने डोळे मिटून घेतले. पण तिने सूर सोडला नाही. धरला, स्थिर केला, आणि वरच्या शेवटच्या बाकापर्यंत नेला.

मग देल्फिनाच ओरडली, "परत! पुन्हा म्हण पोरी! आणि अर्तेमियो, आता वारा घाल हो. पण हळू!"

टाळ्यांनी छत दणाणलं. अर्तेमियो रडत रडत मला फिरवत होता, इतका हळू, की मला माझाच आवाज नवा वाटला. तिच्या सुराखाली मी नुसता वाहत राहिलो. एवढा चांगला वारा मी पुन्हा कधीच झालो नाही.

एर्सिलिया पुढे मोठमोठ्या शहरांत गायली. अर्तेमियो म्हातारा होऊन गेला. मग एक दिवस काळा स्पीकर आला. बटण दाबलं की ठरलेला वारा, ठरलेला वेळ. मला खाली आणून ठेवलं. उंदरांनी कापड कुरतडलं, आस गंजला. परवा वर तालमीत एक नवी मुलगी वादळात अडखळली, तरी स्पीकरमधला वारा आपला चालूच! मी इथे नुसता तळमळत राहिलो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कधी या तळघरात आलात तर माझ्या आसाला थोडं तेल घाला, कापड नवं ताणा. जोरात फिरवणं कुणालाही जमतं. हँडल हातात घ्याल तेव्हा आधी कान देऊन ऐका, वर कोण गातंय. आणि मग फिरवा. पण हळू.