शालनची गोष्ट

"शेडला कुलूप आहे मॅडम," फरहीन फोनवर म्हणाली. "आपलं नाही. आपल्या कुलपावर कुणीतरी दुसरं घातलंय, जाडजूड. बायका बाहेर उभ्या आहेत. काय सांगू त्यांना?"

सायराबानू अत्तार यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सावलीत बसा म्हणावं. मी आलेच."

शेड बारामतीच्या कडेला, जळोचीत. त्यात सायराबानूंचा कारखाना होता, फरहीन आणि बाकीच्या बायका तिथं कामाला होत्या. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी मोजायचे लाकडी मणी, अंकांचे ठोकळे, अक्षरं कोरलेल्या पाट्या असं साहित्य तिथं बनायचं आणि जिल्ह्यातल्या शाळा ते घ्यायच्या. मे संपत आला होता. शाळा उघडायच्या आधी माल पोचायला हवा होता आणि तो सगळा खोक्यांत भरून त्या कुलपामागं पडला होता.

गाडी अल्ताफ चालवत होता. कारखान्याचे व्यवहार आता हा मुलगाच बघायचा.

"अम्मी, हे पुस्तकामुळं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग ती एक गोष्ट काढून टाक. बाकीच्या राहू देत. एका गोष्टीनं काय बिघडणार आहे?"

"आधी शेड बघू," सायराबानू म्हणाल्या.

इंदापुरात कपडे शिवणाऱ्या बापाची ही लेक. डी.एड. करून निरवांगीच्या जिल्हा परिषद शाळेत लागली तेव्हा वर्गात फळा आणि खडू यांपलीकडं काही नव्हतं. पोरांना दशक-एकक कळेना म्हणून तिनं एरंडाच्या काड्या तोडून त्यांच्या मोळ्या बांधल्या. आसपासच्या शाळांतले शिक्षक ते बघायला यायचे, पुढं मागू लागले. पोरांना वाचायला त्यांच्या बोलीतलं काही सापडेना म्हणून तिनं स्वतःच गोष्टी लिहिल्या. त्याचं पुस्तक झालं. एका अधिकाऱ्यानं भाषा अशुद्ध असल्याचा शेरा मारला, त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्यानं त्याच पुस्तकासाठी सत्कार केला. मग नवरा महंमद आजारपणात गेला. तो गेल्यावर सायराबानूंनी नोकरी सोडली आणि आजवर हातानं केलं ते साहित्य मशीनवर बनवायचं ठरवलं.

तेव्हा जागा मिळेना. एकटी बाई, त्यात मुसलमान, त्यात लाकूड कापायच्या मशीनचा आवाज. लोक चहा पाजायचे आणि कळवतो म्हणायचे. शेवटी जागा दिली ती निरवांगीच्या मोहनरावांनी. डाळिंबाचे मोठे बागायतदार, गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. जळोचीतलं त्यांचं शेड रिकामंच होतं. "वापरा बाई," एवढंच ते म्हणाले. सायराबानूंनी ते भाड्यानं घेतलं. त्या वेळी दोघांच्याही मनात निरवांगीच्या शाळेच्या काळातला एकच दिवस होता आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणीही बोललं नाही.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत चौथीतली शालन नदीवर गेली होती. छबूबाईची लेक. हसरी, वर्गात सगळ्यात मोठ्यानं वाचणारी. पोरं ओरडत आली तेव्हा सायराबानू अनवाणी धावल्या. नीरेच्या काठावर पाणी उपसायच्या मोटारीपाशी शालन पडली होती. तिचा तळहात काळा पडला होता. मोटारीची केबल सोलली गेली होती आणि उघडी तार ओल्या चिखलात लोळत होती. मोटार मोहनरावांची होती.

संध्याकाळपर्यंत गावात सगळे म्हणू लागले की पोरगी पाय घसरून पाण्यात पडली. सायराबानूंनी हवालदाराला हात दाखवला, तार दाखवली, पुन्हा पुन्हा सांगितलं. "बाई, तुमी शाळा बघा," तो म्हणाला. पंचनाम्यात बुडून मृत्यू असं आलं. पुढच्या बदल्यांत सायराबानूंना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं.

तेच त्यांनी आता, इतक्या वर्षांनी, तिसऱ्या पुस्तकात गोष्ट म्हणून लिहिलं होतं. मुलीचं नाव मंदा ठेवलं. गावाला नाव दिलं नाही, मोटारीच्या मालकालाही दिलं नाही. पण निरवांगीत ज्यानं ज्यानं वाचलं त्याला कळलं, आणि न वाचणाऱ्यांना वाचणाऱ्यांनी सांगितलं. मोहनरावांचा पुतण्या अविराज यंदा निवडणुकीला उभा राहणार होता.

शेडपाशी बायका लिंबाखाली बसल्या होत्या. सायराबानू उतरताच सगळ्या उठल्या. कुणी काही बोलायच्या आत फोन वाजला.

"बाई, कुलूप आमीच लावलंय," अविराजचा आवाज शांत होता. मोहनरावांना तो तात्या म्हणायचा. "तात्यांनी बोलावलंय. निरवांगीला या. बसून मिटवू."

"तात्यांनी बोलावलंय की तुम्ही?"

"एकच हाय की."

त्यांनी फोन ठेवला. फरहीन जवळ आली. तिचा नवरा आजारानं पडून होता, घर तिच्यावर चालायचं. "मॅडम, माफी मागितली तर उघडतील का?" तिनं हळूच विचारलं. तिच्या मागं उभ्या असलेल्या बायका उत्तराची वाट बघत होत्या. सायराबानूंना त्या प्रश्नाचा राग आला नाही. तो प्रश्न बरोबरच होता, त्यामुळं त्यांना जास्त भीती वाटली.

"बघते," त्या म्हणाल्या.

निरवांगीच्या वाटेवर वालचंदनगर गेलं, निमसाखर गेलं. दोन्हीकडं ऊस. अल्ताफ एकदाच बोलला. "त्यांच्या दारात आपल्या बाजूनं कुणी नसेल, अम्मी. आवाज चढवू नकोस." सायराबानूंनी मान हलवली. पुस्तक पिशवीत होतं आणि त्यांचा हात सारखा पिशवीवर जात होता.

मोहनरावांच्या नव्या बंगल्याच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. मोहनराव खूप थकलेले दिसले. अंगावर सदरा सैल झाला होता, काठी मांडीवर आडवी. त्यांनी सायराबानूंकडं बघून हात जोडले आणि मान खाली घातली. अविराज उभाच होता. गावातली चार माणसं कठड्याला टेकून होती. आणि जमिनीवर, खांबाला पाठ लावून, छबूबाई बसली होती.

तिला इथं का आणलं असेल, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"बसा बाई," अविराज म्हणाला. "सरळ सांगतो. तुमी आमच्या गावाची बदनामी केली. तात्यांचं जाऊ द्या, त्यांना काय फरक पडतोय. पर ह्या माउलीच्या मेलेल्या लेकराचा तुमी बाजार मांडला. तिची तक्रार हाय. अर्ज तयार हाय, अंगठा तेवढा ऱ्हायलाय. तो उठला की पोलीस, कोर्ट, पेपर. मग कोणती शाळा तुमचं साहित्य घेईल?"

"आणि नाही उठला तर?"

"पुस्तक बाजारातून मागं घ्या. ती गोष्ट खोटी हाय असं लिवून द्या. कुलूप आत्ता उघडतो."

अल्ताफनं आईकडं बघितलं. लिंबाखालच्या बायका त्याच्या डोळ्यांपुढं होत्या हे सायराबानूंना दिसत होतं.

त्या छबूबाईकडं वळल्या. "छबूबाई, तुम्हाला माझ्या लिहिण्यानं दुखलं का?"

छबूबाई पदराचा काठ बोटानं सारखा करत होती. तिचा थोरला मुलगा सिद्धू अविराजच्या बागेत कामाला होता. हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "मला वाचता कुठं येतंय. हे म्हणत्यात तुमी शालनचं वंगाळ लिवलंय."

"अंगठा दे आन् घरी जा म्हातारे, ऊन झालंय," कठड्याजवळचा एकजण म्हणाला. गेणबा त्याचं नाव, अविराजच्या मागं फिरणारा.

छबूबाई उठली नाही. "आधी मला वाचून दावा," ती म्हणाली. "काय लिवलंय ते कळल्याबिगर अंगठा कशाला देऊ?"

"म्या सांगितलंय की तुला," अविराज म्हणाला.

"तू सांगितलंस. बाईंनी न्हाय सांगितलं."

अविराज तात्यांकडं वळला. मोहनराव जमिनीकडंच बघत होते. "वाचू दे," ते म्हणाले. सायराबानू आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

सायराबानूंनी पुस्तक काढलं. आयुष्यभर त्यांनी वर्गात मोठ्यानं वाचलं होतं, सभांत वाचलं होतं, पण अशा माणसांपुढं कधी नाही. समोर आई, बाजूला मोटारीचा मालक. त्यांनी चष्मा घातला आणि सुरुवात केली.

गोष्टीत मंदा सुट्टीची घंटा झाल्यावर भाकरी अर्धीच खाऊन उठते, कारण तिला नदीवरच्या चिंचा आणायच्या असतात. वाटेत ती पाठ केलेली कविता म्हणत जाते. छबूबाई हलली नाही. हात धुवायला मंदा मोटारीपाशी वाकते, तिथं सायराबानूंचा आवाज अडखळला. त्या थांबल्या.

"वाचा," छबूबाई म्हणाली.

त्यांनी तार वाचली, काळा तळहात वाचला. हवालदाराचं बोलणं वाचलं. गेणबा खाकरला, पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. शेवटी मंदाची आई संध्याकाळी घरी येते आणि सवयीनं मंदाच्या वाट्याचंही पीठ काढते, मग तेवढं परत डब्यात टाकते, इथं गोष्ट संपत होती. सायराबानूंनी पुस्तक मिटलं.

छबूबाई रडत नव्हती. तिनं सायराबानूंच्या हातातल्या पुस्तकाकडं बोट केलं.

"हितं तिचं नाव मंदा का म्हणलंय?"

"गोष्टीत नाव बदलावं लागतं, छबूबाई. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माझ्या पोरीचं नाव शालन हुतं," ती म्हणाली. "ती गेल्यापासनं गावात कुणी ते नाव काढत न्हाय. माझ्यासमूर बी न्हाय, माघारी बी न्हाय. पाण्यात पडली म्हणून सांगितलं, मी मान्य केलं. काय करणार हुते? सगळं लिवलंय तुमी, मग नाव का न्हाय लिवलं? शालन लिवा."

"मावशे, तुला कळतंय का काय बोलतीस?" अविराजचा आवाज आता चढला. "सिद्धूचा इचार कर."

"केला की. वीस पावसाळं त्याचाच केला."

अविराजनं कागद तिच्यासमोर धरला. तेवढ्यात मोहनरावांची काठी मांडीवरून घसरून फरशीवर पडली. ती उचलायला गेणबा पुढं झाला, पण त्यांनी हातानं थांबवलं.

"भिमाला म्या सांगितलं हुतं," मोहनराव म्हणाले. भिमा त्यांचा तेव्हाचा गडी, तो कधीच वारला होता. "टेप गुंडाळ म्हणून सांगितलं हुतं." ते थांबले. "न्हाय. सांगितलं न्हवतं. भिमानंच मला सांगितलं, मालक, वायर उघडी हाय. दोनदा सांगितलं. म्या म्हणलं पाणी झाल्यावर बघू."

"तात्या, आत चला," अविराज म्हणाला. "उन्हानं काय बी बोलायला लागलाय तुमी."

"पाणी झाल्यावर बघू म्हणलं," मोहनराव पुन्हा म्हणाले. छबूबाईकडं बघायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. अविराजनं त्यांच्या काखेत हात घालून उठवलं आणि आत नेलं.

छबूबाईनं कागद घेतला नाही. जमिनीला हात टेकून ती उठली, पायऱ्या उतरली आणि रस्त्याला लागली. सायराबानू मागोमाग गेल्या. घराच्या वळणावर छबूबाई थांबली. "आता जावा बाई. पोरगा येईल कामावरनं, त्याला दुसऱ्याकडनं कळायच्या आत मला सांगायचंय," ती म्हणाली.

कुलूप दुसऱ्या दिवशी निघालं. अविराजनं निरोप धाडला की माल न्या आणि शेड रिकामं करा. तात्यांनी सांगितलं म्हणून एवढं तरी केलं, असंही त्यात होतं. अल्ताफनं टेम्पो आणला. बायकांनी खोकी चढवली, मशीन उचलली. फरहीनच्या आळीत एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची जागा मिळाली, निम्मीच, आणि तिथं पत्रा इतका तापायचा की दुपारी काम बंद ठेवावं लागे. दोन बायकांनी लांब पडतं म्हणून काम सोडलं. काही शाळांना माल उशिरा पोचला आणि त्यांनी तो परत केला. अल्ताफ आईवर चिडला नाही, पण बरेच दिवस कामापुरतंच बोलला. सिद्धूला अविराजनं बागेतून काढलं. तो सध्या बारामतीच्या मार्केट यार्डात हमाली करतो.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालू असताना सायराबानूंना एकदा मोहनरावांचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की आधी त्यांना ओळखू आला नाही.

"पोरीचं नाव लिवताय म्हणं."

"हो. छबूबाईंनी सांगितलंय."

"लिवा." मग आवाज आणखी बारीक झाला. "आन् माझं?"

रागानं सांगावं असं काही सायराबानूंकडं उरलं नव्हतं आणि माफ करणं त्यांच्या हातात नव्हतं. "तुमचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, मोहनराव," त्या म्हणाल्या. "आणि आधी छबूबाईंना सांगा. मला नंतर."

"व्हय," ते म्हणाले. "जातो."

ते गेले की नाही हे सायराबानूंना कळलं नाही. दिवाळीच्या आधी मोहनराव वारले. दुसरी आवृत्ती त्यानंतर आली. पहिली प्रत घेऊन त्या एसटीनं निरवांगीला गेल्या. छबूबाई अंगणात शेंगा फोडत होती. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं आणि नाव कुठं आहे ते विचारलं. सायराबानूंनी तिचं बोट धरून पानावर टेकवलं. नाव त्या पानावर बऱ्याच ठिकाणी होतं. छबूबाईनं पहिलं अक्षर नीट बघून घेतलं, आणि मग उरलेल्या सगळ्या जागी ते नाव एकेक करून स्वतःच शोधून काढलं.