पायपाखालचे रिकामे दगड

पाट साफ करायचा दिवस होता. सगळी वाडी फावडी घेऊन ओढ्यावर जमलेली, आणि माझी वहिनी सातुर्निना गुडघाभर बर्फगार पाण्यात उभी राहून सकाळपासून दगड उलटे करत होती. दगड उलटायचा, खाली बघायचं, एक शिवी हासडायची, दगड परत ठेवायचा. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

दगडाखाली पाणकिड्यांच्या अळ्या चिकटलेल्या असतात, त्यांना आम्ही चिचि म्हणतो. पाट साफ झाला की ओढ्यातली चिचि मिरचीबरोबर पाट्यावर वाटायची, उकडलेल्या बटाट्याशी खायची आणि पहिला घास पाहुण्याला द्यायचा. तो घास पाहुण्याच्या पोटात गेल्याशिवाय वाडीची सभा सुरू होत नाही.

यंदाचा पाहुणा होता खाणीचा इंजिनियर बेल्त्रान. खाणीचं पाणी दोन वर्षं एका पायपातून आमच्या ओढ्यात पडतंय. ते स्वच्छ आहे असा कागद त्यानं आणला होता. त्यावर आमचे अंगठे उठले की खाण वर, ओढा निघतो त्या झऱ्यापर्यंत सरकणार. मग आमच्या लोकरीच्या अल्पाकांनी काय प्यायचं, ते कागदात नव्हतं. खरं सांगतो, मी अंगठा द्यायला तयार होतो. मला खाणीच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी कबूल झाली होती. मी वहिनीला म्हटलंही, किड्यांचं काय एवढं, कधी असतात, कधी नसतात. त्यावर ती जे बोलली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

दुपारी बटाटे शिजले. वहिनीनं मिरची आणि रानपाला वाटून ठेवला आणि रिकामा वाडगा इंजिनियरपुढं धरला.

"सायेब, पाणी तुमचं, पाव्हणंबी तुमीच. पायपाच्या खालनं चिचि काढून आणा. मी वाटून देते."

तो हसला. पण सगळे बघताहेत म्हटल्यावर बूट काढून उतरला. अर्धा तास दगड उलटे करत राहिला. हाती लागला बुळबुळीत गाळ आणि चार तांबडे किडे, घाण पाण्यात होतात तसले. ते आम्ही खात नाही. लोक भुकेनं चुळबुळायला लागले. शेवटी तो म्हणाला, चिचिचा हंगाम संपला असेल.

वहिनी वाडगा घेऊन पायपाच्या वरच्या अंगाला गेली आणि बटाटे निवायच्या आत परत आली. वाडगा काठापर्यंत वळवळत होता.

"हंगाम पायपाच्या वर हाय आन् खाली संपला व्हय? मला अक्षर येत न्हाई, सायेब. पर दगडाखाली कोन ऱ्हातंय ते मला दिसतंय. ह्यांची पोरंबाळं मेली तितं. म्होरं आमची मरायची."

तिनं चिचि वाटली आणि पहिला घास त्याच्या हातावर ठेवला. सगळ्या वाडीसमोर त्याला तो गिळावा लागला. डोळ्यांतून पाणी आलं बिचाऱ्याच्या.

मग आमचा म्हातारा अध्यक्ष इसिद्रो उठला, सभा सुरू झाली म्हणाला, आणि मला लिहायला बसवलं. इंजिनियरच्याच कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: पायपाच्या खाली दगड रिकामे आहेत, झरा देणार नाही. लिहिताना नोकरी डोळ्यांपुढून गेली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू?

इंजिनियरनं अंगठ्यासाठी आणलेली शाईची डबी मिटून खिशात घातली. शाई खाणीची आहे म्हणाला.

वहिनीनं बटाट्याचं पातेलं पालथं घातलं. बुडाला चांगली बोटभर काजळी होती.

"भावजी, आदी तुमचा अंगठा."

मी उठवला. माझ्यामागं रांग लागली. त्रेचाळीस अंगठे झाल्यावर इंजिनियर कागद परत मागू लागला. आमच्या नकारासकट देऊन टाकला, त्याचाच होता. तो गाडीकडं खाली उतरला आणि आम्ही फावडी खांद्यावर टाकून खाणीच्या गाड्या अडवायला झऱ्याच्या वाटेवर दगडांचा बांध घालायला वर चढलो.