पंखा गेला की फोन कर

"तो पंखा पुन्हा गेलाय बघ," ताई फोनवर म्हणाली आणि छोट्याने कपाळाला हात लावला.

पंखा म्हणजे वायफायचं चिन्ह. पडद्याच्या कोपऱ्यात एकावर एक वाकड्या रेघा असतात, त्या ताईला हातपंख्यासारख्या दिसत. पंखा दिसला म्हणजे मेल जाणार, नाही दिसला तर नाही, इतकं तिला पक्कं कळलं होतं आणि त्यापलीकडे काही जाणून घ्यायची तिची इच्छा नव्हती. छोट्या हा तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला होता, डोक्यावर केस मोजकेच उरले होते, पण ताईसाठी तो छोट्याच. एका शिक्षणसंस्थेच्या सगळ्या शाळांतले संगणक सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं आणि तिथे त्याला 'रीस्टार्टसाहेब' म्हणत. कोणी काहीही तक्रार घेऊन आलं, की मान वर न करता तो म्हणायचा, "बंद करून चालू करा." निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागायचं, त्यामुळे लोकांना त्याची धड चेष्टाही करता येत नसे.

"बंद करून चालू कर," तो ताईलाही म्हणाला.

"केलं. आता गोल फिरतंय."

त्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षिकेचा मेल का जात नाही ते बघायला घेतलं. ताईचा संगणक म्हणजे शाळेने मोडीत काढलेला डबा. छोट्याने तो घरी आणून त्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकली होती, म्हणून तो निदान चालत तरी होता. पण चालू व्हायला वेळ घ्यायचा. गुडघ्यावर हात ठेवून म्हातारं माणूस उठतं तसा तो उठायचा, आणि तो उठेपर्यंत ताई बोलायची.

काय बोलायची, तर काहीही. नळ गळतोय. खालच्या शिवणवाल्या बाईंनी मशीनला नवा पट्टा बसवला, आता आवाज कमी येतो. गुडघा सकाळी ऐकत नाही, दुपारी ऐकतो. ऑफिसातली जुनी मैत्रीण तिच्या कुंड्यांचे फोटो पाठवते, सगळे एकसारखे, तरी छान आहेत म्हणून कळवावं लागतं. मध्येच आईची आठवण निघायची. आई गेली तेव्हा छोट्या जेमतेम शाळेत जायला लागला होता. ताई पाणीखात्यात टायपिस्ट होती. दिवसभर ऑफिसात बडवायची आणि घरी आल्यावर लोकांचे प्रबंध टाइप करायची, त्यातून तिने त्याला शिकवलं. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायची, वेळच मिळाला नाही.

छोट्या मध्ये मध्ये "हं, हं" करायचा. मग ताई म्हणायची, "आला पंखा." तिचा आवाज तेव्हा जरा उतरायचा, पण ते कळायला याचं लक्ष तिकडे असायला हवं होतं. हा "चल, ठेवतो" म्हणून मोकळा व्हायचा.

हे असं आठवड्यातून दोनतीनदा होऊ लागलं, तसा छोट्या वैतागला. एकच बिघाड पुन्हा पुन्हा यावा हा त्याला स्वतःचा अपमान वाटे. बायको म्हणाली, "तुमची बहीण आहे, फोन करणारच." तो म्हणाला, "बहिणीचा प्रश्न नाही, वायफायच्या कार्डाचा आहे." आणि सुट्टीच्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर, पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन तो तिच्याकडे जाऊन बसला.

त्या दिवशी त्याचं काम बघण्यासारखं झालं, हे कबूल केलंच पाहिजे. वायफायचं कार्ड वीज वाचवायला मधूनच डुलकी काढत होतं, ती डुलकी त्याने बंद केली. शेजारपाजारच्या वायफायांची गर्दी एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेवर झाली होती, त्याने ताईचं त्यातून बाजूला काढलं. मेलचा डबा कुंड्यांच्या फोटोंनी तुंबला होता, तो उपसला. एवढं करून त्याचं समाधान झालं नाही. त्याने एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं पहारेकरी. वायफाय बंद पडलेलं दिसलं की पहारेकरी ते आपणहून चालू करणार. मेल अडकला की त्याला ढकलणार. आणि रोज सकाळी छोट्याला एक मेल पाठवणार, त्यात एकच ओळ: सगळं ठीक आहे.

ताई पलंगावर बसून हे बघत होती. मध्ये उठून तिने दोनदा चहा केला. दुसरा तसाच गार झाला.

"संगणक आता बंदच करू नकोस," तो म्हणाला. "चालू राहू दे. फार वीज खात नाही."

"म्हणजे मला काही करायला नको?"

"काही म्हणजे काही नको. आता तुला फोनसुद्धा करावा लागणार नाही."

हे तो हौसेने म्हणाला. एखाद्याला बसायला खुर्ची द्यावी तसं. ताईने पडद्याकडे बघितलं. पंखा ठसठशीत दिसत होता.

"बरं," ती म्हणाली.

पहारेकरी खरोखर नेकीने राबला. रोज सकाळी दात घासता घासता छोट्या फोन उघडायचा, ओळ वाचायचा आणि त्याला बरं वाटायचं. चहाच्या वेळी त्याने हे सहकाऱ्यांना इतक्यांदा सांगितलं, की ते त्याला 'ताईंचा पहारेकरी कसा आहे' असं विचारू लागले. त्या चेष्टेनेसुद्धा तो फुलायचा.

ताईचे फोन कमी झाले. सुरुवातीला एकदोनदा आला. "काय अडलंय?" हा विचारायचा. "अडलं काही नाही," ती म्हणायची. "मग ठेवू? इथे रांग लागलीय." ती म्हणायची, "ठेव, ठेव." रांग खरीच असायची. नंतर फोन आलेच नाहीत. आपण होऊन करावा असं त्याच्या कधी मनात आलं नाही असं नाही. पण सकाळची ओळ वाचलेली असायची, आणि सगळं ठीक आहे हे माहीत असलेल्या माणसाला फोन करून विचारायचं काय?

आणि मग एका दुपारी शिवणवाल्या बाईंचा फोन आला. त्यांचा नंबर त्याच्याकडे नव्हताच, त्यामुळे कुठल्या तरी शाळेचा शिपाई असेल असं समजून त्याने "बंद करून चालू करा" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"दादा, ताई पडल्यात. न्हाणीघरात. खुब्याचं हाड मोडलंय. दवाखान्यात आणलंय मी त्यांना."

"कधी पडली?"

"काल संध्याकाळी. आज चहाला खाली आल्या नाहीत म्हणून मी वर गेले. दार आतून बंद. मग लोकांना बोलावून तोडलं. रात्रभर तिथेच पडून होत्या हो त्या, ओल्या फरशीवर."

"पण सकाळी तर मेल आला होता," छोट्या म्हणाला, "सगळं ठीक आहे म्हणून."

"कोणाचा मेल?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

समोर एक कारकून बिघडलेला कीबोर्ड छातीशी धरून उभा होता. त्याच्याकडे न बघता छोट्या बाहेर पडला. बसमध्ये त्याला आपण काय बोललो ते पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. भिंतीपलीकडे ताई फरशीवर पडून हाका मारत होती, त्याच वेळी अलीकडच्या खोलीत त्याचा पहारेकरी पंखा तपासत होता आणि तो नीट आहे म्हणून कळवत होता. त्यात पहारेकऱ्याची काही चूक नव्हती. त्याला जेवढं बघायला सांगितलं होतं तेवढं तो बघत होता.

दवाखान्यात ताई खाटेवर पडली होती. पायाला वजन लावलं होतं. चेहरा एवढासा झाला होता, पण शुद्धीवर होती. छोट्या जवळ जाऊन उभा राहिला. हात धरावा की नाही हे त्याला ठरवता येईना.

ताईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"संगणक बरा आहे ना?" तिने विचारलं.

तिने टोमणा म्हणून विचारलं असतं तर त्याला सोसवलं असतं. तिने साधंच विचारलं. तो खाली मान घालून उभा राहिला. मग त्याने सांगितलं, की इथून सोडलं की तू आमच्याकडे यायचं, खोली रिकामी करून ठेवतो, हिच्याशी बोललोय. ताई म्हणाली, नको. शिवणवाल्या बाईंच्या पुढच्या खोलीत खाट मावते, त्यांचं आणि तिचं ठरलंय. कधी ठरलं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "ठरतं रे. रोज बोलणं होतं आमचं."

संध्याकाळी तिचे कपडे आणायला तो शिवणवाल्या बाईंबरोबर घरी गेला. जिना चढताना बाई थांबल्या. सांगावं की नाही अशा घुटमळत होत्या, मग त्यांनी सांगूनच टाकलं.

"रागावू नका, पण तुम्ही ते काय बसवलंत ना, त्याचा त्यांना फार त्रास झाला. दुपारी त्या मुद्दाम तो पंखा घालवायच्या. कुठेतरी दाबलं की जातो म्हणे. मला येऊन सांगायच्या, आता बिघडलंय, आता करते छोट्याला फोन. इथे माझ्याकडे चहा प्यायच्या, मनात काय काय बोलायचं ते घोळवायच्या. वर जाऊन बघतात तर पंखा परत आलेला. मी म्हटलं, तसाच करा की फोन, भाऊच आहे. तर म्हणाल्या, काही अडलं नसताना कसा करू, त्याच्याकडे रांग असते."

"मला का नाही सांगितलं?"

"कुणी सांगायचं? तुमचा नंबरच आज मिळाला, दारामागे लिहिला होता तो."

खोलीत संगणक चालूच होता. दाराची फळी निखळून भिंतीला टेकवलेली होती. कपाटातून कपडे काढून झाल्यावर छोट्या खुर्चीत बसला. त्याने कोपऱ्यातल्या पंख्यावर टिचकी मारून वायफाय बंद केलं आणि वाट बघत बसला. थोड्या वेळाने पंखा आपणहून परत आला. त्याने पुन्हा घालवला. तो पुन्हा आला. ताईने हे किती दुपारी केलं असेल, याच खुर्चीत बसून. त्याला रडू फुटलं. शिवणवाल्या बाई खाली निघून गेल्या.

मग त्याने पहारेकरी काढून टाकला. कार्डाला पुन्हा डुलकी घेऊ दिली. चॅनेलसुद्धा होतं तिथे, त्या गर्दीत, परत नेऊन ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने चालती गोष्ट हाताने बिघडवली, आणि तीही अगदी काळजीपूर्वक, काही राहून गेलं नाही ना ते दोनदा तपासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला नाही. त्यानंतरही आला नाही. ताई दवाखान्यातून खालच्या खोलीत आली. छोट्या आता दर सुट्टीला जायचा, मध्येही फोन करायचा. फोन शिवणवाल्या बाईच उचलायच्या. त्या म्हणायच्या, झोपल्यात, किंवा, बऱ्या आहेत. ताईचा फोन कधी आलाच, तर आपण रांग तशीच उभी ठेवून बोलायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. टेबलावरचा फोन तो आता उलटा ठेवत नसे.

तिला काठी धरून चालता यायला लागलं त्या सुमाराला तो एकदा तिचा स्वेटर आणायला वरच्या खोलीत गेला. संगणक बंद होता. त्यावर राखाडी रेक्झिनचं जुनं आवरण घातलेलं होतं. ते त्याने लगेच ओळखलं. पाणीखात्यातल्या टाइपरायटरचं. कामाची वेळ संपली की ताई यंत्रावर हे घालायची आणि मग पर्स उचलायची. लहानपणी ऑफिसात तिची वाट बघत बसलेला छोट्या ते आवरण चढलं की उडी मारून उठायचा. निवृत्त होताना तिने तेवढंच मागून आणलं होतं.

तो स्वेटर घेऊन खाली आला. शिवणवाल्या बाई मशीनवर होत्या. ताई खिडकीशी बसून त्यांच्या कपड्यांना बटणं लावत होती.

"ताई," तो म्हणाला, "मी तो प्रोग्राम काढून टाकलाय. आता ते पूर्वीसारखं बिघडेल. पंखा गेला की फोन कर. कधीही कर."

"बिघडू दे," ताई म्हणाली. "मला आता कुणाला काही पाठवायचं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने बटणाचा दोरा दातांनी तोडला आणि नवा दोरा घेऊन सुई उजेडाकडे धरली. दोऱ्याचं टोक नेढं चुकवून बाजूला गेलं. तिने ते ओलं करून पुन्हा धरलं.

छोट्याने हात पुढे केला. "दे, मी ओवतो."

"नको. जमतं मला."

तो हात मागे घेऊन बसून राहिला. वेळ लागत होता. पूर्वी एवढ्या वेळात तिचं नळाचं सांगून झालं असतं, गुडघ्याचं झालं असतं, आईची एखादी आठवण निघाली असती. ताई डोळे बारीक करून सुईकडे बघत होती. बाजूला शिवणयंत्र नव्या पट्ट्यावर हलकं चालत होतं. दोरा एकदाचा गेला, तिने त्याला गाठ मारली आणि पुढचं बटण घेतलं.